असाटीगच्या वाळूत दोन रात्री, आईसोबत

आई नागावची. अलिबागच्या पुढचं नागाव. घरामागची वाडी संपली की सुरूची झाडं, आणि सुरूंच्या पलीकडे पुळण. समुद्र तिच्या परसातच होता. त्यामुळे तो बघायला तीन तास गाडी हाकत जायचं आणि वर तंबूत झोपायचं, हे तिला पटवायला मला पंधरा दिवस लागले. "घर आहे की तुझं चांगलं. वाळूत कशाला झोपायचं?" तिच्या शंका तीन होत्या: गुडघे, रात्रीचं बाथरूम आणि नेमकी त्याच शुक्रवारी येणारी संकष्टी. तिन्ही खऱ्या होत्या.

भारतातून आईवडील अमेरिकेत सहा महिन्यांसाठी येतात, नायगारा होतो, न्यूयॉर्क होतं, व्हाइट हाऊससमोर फोटो होतात, आणि मग त्यांना कुठे न्यायचं हा प्रश्न इथल्या बहुतेक मराठी घरांत पडतो. म्हणून सविस्तर लिहिते आहे. माझं मत आधीच सांगते: मेरीलंड, व्हर्जिनिया किंवा आसपास राहत असाल तर असाटीगला न्या. हॉटेलात उतरून दिवसाची फेरी मारायला नको, तिथे मुक्कामाला न्या.

असाटीग म्हणजे अटलांटिकच्या काठाला समांतर पडलेली वाळूची एक लांबच लांब पट्टी. साधारण 60 किलोमीटर लांब आणि रुंदीला अगदी चिंचोळी. वरचा भाग मेरीलंडमध्ये, खालचा व्हर्जिनियात. एका बाजूला खुला समुद्र, दुसऱ्या बाजूला उथळ खाडी आणि खाजण, म्हणजे खारी दलदल. मेरीलंडच्या बाजूला राहायचे पर्याय दोन, आणि लोकांचा गोंधळ इथेच होतो. एक नॅशनल सीशोअर, म्हणजे केंद्र सरकारचं, आणि त्याला लागूनच मेरीलंड राज्याचं असाटीग स्टेट पार्क. पूल एकच, समुद्र एकच, घोडेही तेच. फरक आहे तो सोयींचा. नॅशनल सीशोअरच्या कॅम्पग्राउंडवर फ्लश नसलेले साधे संडास आणि गार पाण्याचे शॉवर आहेत. स्टेट पार्कात फ्लशचे संडास आणि गरम पाण्याची न्हाणीघरं आहेत. तरुण मंडळी असाल तर कुठेही जा. आई सोबत होती, म्हणून मी डोळे मिटून स्टेट पार्क घेतलं आणि नकाशावर बघून न्हाणीघरापासून दुसरी जागा निवडली. अगदी शेजारची घेऊ नका, तिथे रात्रभर दारांचे आवाज येतात. दुसरी किंवा तिसरी घ्या. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या जागा महिनोन्महिने आधी भरतात. आम्हाला मिळाली ती शाळा सुरू झाल्यावरच्या सप्टेंबरातली, आणि लेकीची शुक्रवारची शाळा बुडवून.

घरून सातला निघालो. चेसापीकच्या खाडीवरचा बे ब्रिज ओलांडला की मेरीलंडचा चेहरामोहराच बदलतो. सपाट जमीन, मक्याची शेतं, कोंबड्यांच्या लांबलचक शेड, रस्त्याकडेला टोमॅटो आणि कणसांचे ठेले. आईने एका ठेल्यावर गाडी थांबवायला लावली, कणीस सोलून दाण्याला नख लावून पाहिलं आणि सहा घेतली. साडेअकराच्या सुमारास शेवटचा पूल आला. पुलावरच गाडीच्या काचा खाली केल्या तशी ती म्हणाली, "खाजणाचा वास आला." हे बारा वर्षांत मला कधी जाणवलं नव्हतं. भरतीचं पाणी ओसरल्यावर चिखलाला येतो तोच वास. नागावच्या खाडीला येतो तसाच.

कॅम्पसाइट ताब्यात मिळायला वेळ होता म्हणून आधी पुळणीवर गेलो. वाळूच्या टेकड्यांमधून जायला ठरावीक वाटा आहेत. टेकड्यांवर चढायला मनाई आहे, कारण तिथलं गवत तुडवलं की वाळू धरून ठेवायला काही उरत नाही. वाट चढून माथ्यावर आलो आणि समोर एकदम सगळा अटलांटिक. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग बोटं मोजून म्हणाली, "आज चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. तीन वाजता पूर्ण भरती."

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या आजोळी भरतीसाठी तक्ता लागत नसे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र रोज साधारण पाऊण तासाने मागे पडतो, भरतीही तशीच मागे पडते, म्हणून हा हिशेब जमतो. होड्या ढकलणं, जाळी लावणं, अलिबागसमोरच्या कुलाब्याच्या किल्ल्यात चालत जाऊन पाणी चढायच्या आत परत येणं, सगळं याच पाऊणपटीवर चाललं. आईचा हा हिशेब चुकलेला मी कधी पाहिलेला नव्हता.

इथे चुकला. तीन वाजता आम्ही तंबू ठोकत होतो आणि ती पुन्हा पुळणीवर जाऊन आली. पाणी ओसरत होतं. सकाळी ओली असलेली वाळू कोरडी पडली होती. "असं कसं?" एवढंच म्हणाली आणि खुर्चीत बसून राहिली. तिचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. पण त्या वेळी माझ्या हातात तंबूची दोरी होती आणि ती सुटत होती.

तंबूबद्दल नीट लिहायलाच हवं, कारण असाटीगला माणसं अडतात ती इथेच. तंबूसोबत ज्या बारीक, वीतभर लांबीच्या मेखा येतात, त्या वाळूत शून्य कामाच्या. दुकानात मी स्पष्ट विचारलं होतं की समुद्रकाठी जायचंय, या चालतील ना? "चालतील," असं सांगून त्यांनी तंबू माझ्या हातात दिला. पहिल्याच जोराच्या वाऱ्याला चारपैकी तीन मेखा लोण्यातून सुरी निघावी तशा निघाल्या आणि तंबू लोळत जाऊन पलीकडच्या झुडपाला अडकला. एक खांब वाकला. पैसे देऊन तज्ज्ञाचा सल्ला घेतल्यावर असं व्हावं याचा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

शेजारच्या जागेवर पेन्सिल्व्हेनियाहून आलेले एक वयस्कर गृहस्थ होते. ते न बोलावता आले, आमच्या मेखा हातात घेऊन पाहिल्या आणि बाजूला ठेवल्या. मग वाणसामानाच्या रिकाम्या पिशव्या मागितल्या. प्रत्येक पिशवी वाळूने भरली, तोंड दोरीने आवळलं, कोपरभर खोल खड्डा खणून पिशवी त्यात आडवी पुरली आणि वरून वाळू दाबून पायाने तुडवली. दोरीचं दुसरं टोक तंबूला. "ओढून बघा," म्हणाले. मी आणि नवरा दोघांनी मिळून ओढलं तरी ढिम्म हललं नाही. दोन रात्री वारा घोंघावत होता, तंबू जागचा हलला नाही. तेव्हा एक तर फूटभर लांबीच्या, पन्हाळीसारख्या रुंद मेखा खास वाळूसाठी मिळतात त्या घ्या, नाही तर आठ-दहा दणकट पिशव्या आणि एक फावडं न्या. फावडं तसंही लागतंच.

आईच्या पहिल्या दोन शंकांचं उत्तर असं: तंबू उभं राहता येईल एवढा उंच घ्या आणि त्यात घडीची कॉट टाका. जमिनीवरून उठणं हे गुडघ्यांचं खरं दुखणं, ते कॉटने सुटलं. वाळूत चालणं तिला कठीण जाईल असं मला वाटत होतं, पण ती चपला हातात घेऊन माझ्यापेक्षा भराभर चालत होती. बाथरूमची वाट सपाट आहे, टॉर्च हवाच. न्हाणीघर स्वच्छ होतं, पाणी खरोखर गरम होतं, जमिनीवर वाळू मात्र असणारच.

आता घोडे. असाटीग प्रसिद्ध आहे ते मोकाट घोड्यांसाठी. स्पेनचं जहाज फुटलं आणि त्यातले घोडे पोहून काठाला लागले, अशी गोष्ट सगळे सांगतात. जास्त पटण्यासारखं कारण साधं आहे. सतराव्या शतकात मुख्य भूमीवरच्या शेतकऱ्यांना कुंपण घालण्याची सक्ती आणि जनावरांवरचा कर टाळायचा होता. बेटाला पाण्याचंच कुंपण, म्हणून जनावरं इथे आणून सोडली. ही त्यांचीच पिलावळ. आता राज्यांच्या सीमेवर कुंपण आहे आणि दोन वेगळे कळप आहेत. व्हर्जिनियातले घोडे शेजारच्या चिंकटीग गावाच्या अग्निशमन दलाच्या मालकीचे. जुलैच्या शेवटी त्यांना खाडीतून पोहवत नेतात आणि शिंगरांचा लिलाव होतो. ही प्रथा 1925 पासूनची. मेरीलंडचा कळप नॅशनल पार्क सर्व्हिसच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या उद्यान खात्याच्या ताब्यात. त्यांना कुणी चारत नाही, बांधत नाही. संख्या 80 ते 100 च्या आसपास राहावी म्हणून घोड्यांच्या माद्यांना लांबून सुईचा बाण मारून गर्भनिरोधक लस दिली गेली, बस, एवढाच माणसाचा हात. त्यांची पोटं फुगलेली दिसतात, आजारी आहेत की काय असं वाटतं. पण ते खाजणातलं खारट गवत खातात आणि त्यामुळे साध्या घोड्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी पितात, म्हणून पोटं तशी दिसतात.

नियम एकच, पण कडक: 40 फुटांच्या आत जायचं नाही आणि खायला घालायचं नाही. खाण्याचं सगळं गाडीत बंद. कूलर बाहेर ठेवून चालत नाही, कारण घोडे ते उघडतात. हे ऐकीव नाही. आमच्यापासून तिसऱ्या जागेवर एक तपकिरी-पांढरी घोडी एका कुटुंबाच्या कूलरचं झाकण नाकाने वर करून ब्रेडची अख्खी पिशवी घेऊन गेली, आणि ते कुटुंब टेबलाच्या पलीकडे उभं राहून पाहत राहिलं. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी संकष्टीची तयारी सुरू झाली. सारण आईने घरूनच करून आणलं होतं. उकड मात्र "तिथेच काढणार" म्हणून हट्ट. गाडीचा आडोसा करून कॅम्पचा गॅस लावला, तरी वारा ज्योत खाली दाबत होता. नवऱ्याने आणि लेकीने दोन्ही बाजूंनी चादर धरली. आईने तांदळाच्या पिठीची उकड काढली, तेलाच्या हाताने मळली, आणि मावळत्या उजेडात गुडघ्यावर ताट घेऊन अकरा मोदक वळले. पातेल्यात चाळणी उलटी घालून वाफवले. पाऱ्या नेहमीसारख्या पातळ झाल्या नाहीत, दोन मोदक उकलले.

ती घोडी परत आली ती याच वेळी. सोबत एक शिंगरू. अंधारात झुडपांमधून निघून आमच्या जागेच्या कडेला उभी राहिली. आम्ही पातेलं झाकण घट्ट लावून गाडीत ठेवलं, दार लावलं आणि सगळे गाडीच्या पलीकडे सरकलो. आईच्या हातात उकललेला एक मोदक तसाच राहिला होता. तिच्या माहेरी पहिला घास गाईचा. हात आपसूक पुढे झाला. "शिंगरू लहान आहे गं. एवढासा दिला तर?"

मी काही बोलायच्या आत माझी नऊ वर्षांची लेक म्हणाली, "आजी, नको. तू दिलास तर ते रस्त्यावर येतील." शाळेत की बोर्डावर वाचलं होतं कुणास ठाऊक, पण खरं होतं. माणसाने एकदा खायला दिलं की घोडे माणसांच्या मागे लागतात, रस्त्याच्या कडेला गाड्यांची वाट बघत उभे राहतात, आणि गाडीखाली येऊन मरतात. असे मेलेले आहेत. आईने हात मागे घेतला. मोदक पदरात झाकला. घोडी पाच-सात मिनिटं उभी होती, मग शिंगराला पुढे घालून खाजणाकडे निघून गेली. "नाही द्यायचं हेही द्यायचंच झालं मग," असं आई लेकीला म्हणाली. मला तेव्हा भरून आलं होतं.

चंद्रोदय साडेआठच्या पुढे होता. ताट घेऊन आम्ही टेकडीच्या वाटेने वर गेलो. नागावला समुद्र पश्चिमेला. चंद्र वाडीच्या मागून, माडांवरून वर येतो, आणि सूर्य समुद्रात बुडतो. आईने साठ वर्षं संकष्टी केली, पण समुद्रातून चंद्र उगवताना तिने कधी पाहिला नव्हता. आधी क्षितिजावर विझत्या निखाऱ्यासारखा तांबूस डाग दिसला, मला वाटलं दूरचं जहाज असेल. मग तो रुंद झाला आणि एका कडेने चेपलेला केशरी चंद्र पाण्यातून वर आला. पाण्यावर त्याची पट्टी आमच्या पायांपर्यंत. आईने अक्षता आणि फूल वाहिलं, अर्घ्य दिलं, आणि तिथेच वाळूवर बसून उपास सोडला. थंड झालेला मोदक, त्यावर तुपाची धार. त्या मुक्कामातली हीच गोष्ट अशी, की तिच्यासाठी मी पुन्हा तीन तास गाडी हाकत जाईन.

आता तक्रारीचा भाग. डास. असाटीगचे डास म्हणजे थट्टा नव्हे. खाजणात पैदास होते, आणि पावसानंतर तर ढग उठतात. एक गोष्ट आईमुळे कळली आणि ती सगळ्यांना उपयोगी पडेल. समुद्राकडून खारा वारा वाहत असेल तर डास जवळजवळ नसतात. तो पडून जमिनीकडचा मतलई वारा सुटला की खाडीकडचे सगळे डास तुमच्यावर येतात. शनिवारी पहाटे तेच झालं. तेव्हा हवामान बघताना पाऊस किती टक्के याआधी वारा कुठल्या दिशेचा ते बघा. पूर्वेचा असेल तर निर्धास्त जा. पश्चिमेचा असेल तर पूर्ण बाह्यांचे कपडे, डोक्यावरून घ्यायची जाळी आणि मलम हवंच. जुलै-ऑगस्टमध्ये चावऱ्या माश्याही असतात, त्या कपड्यांवरून चावतात. त्या दिवसांत घोडेसुद्धा माश्यांना कंटाळून पुळणीवर येऊन उभे राहतात. झुडपांत शिरू नका, गोचीड आहेत. सावली जवळपास नाही, छत्री किंवा छत घेऊन जा.

समुद्रात उतरण्याविषयी: जीवरक्षक फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत, ठरलेल्या पट्ट्यातच असतात. आम्ही गेलो तेव्हा नव्हते. लाट काठावरच जोराने आपटते आणि मधूनच आत ओढणारे प्रवाह असतात. ओढला गेलात तर काठाकडे झगडत येऊ नका, काठाला समांतर पोहत बाजूला व्हा. लेकीला मी घोट्याच्या वर जाऊ दिलं नाही. सप्टेंबरात वादळांचाही काळ असतो, तेव्हा निघण्याआधी बातम्या बघाव्यात.

शनिवारी सकाळी नॅशनल सीशोअरच्या बाजूला तीन छोट्या पायवाटा आहेत त्या केल्या. खाजणाची, जंगलाची आणि वाळूच्या टेकड्यांची. जंगलात हरणं दिसली, पण ती इथली नव्हेत, जपानकडच्या सिका जातीची, 1920 च्या दशकात कुणीतरी आणून सोडलेली. मला सांगायचंय ते टेकड्यांच्या वाटेबद्दल. त्या वाटेवर वाळूतून डांबराचे तुकडे वर आलेले दिसतात. मध्येच रस्ता, मध्येच वाळू, भेगांतून उगवलेली झुडपं. हा बॉल्टिमोर बुलव्हार्ड. 1950 च्या दशकात या बेटाचे भूखंड पाडून विकले होते. हजारोंच्या संख्येने. रस्ता झाला, काही घरं उभी राहिली. मार्च 1962 मध्ये भरतीवर भरती अशी तीन दिवस वादळाने झोड उठवली आणि घरं, रस्ता सगळं वाहून गेलं. वाळू जागची हलते, तिच्यावर गाव वसवता येत नाही, हे तेव्हा पटलं. भूखंड परत घेतले गेले आणि सप्टेंबर 1965 मध्ये नॅशनल सीशोअर झालं. त्याआधी ऑगस्ट 1933 च्या वादळाने बेटाचं वरचं टोकच उत्तरेकडच्या ओशन सिटी गावापासून तोडलं होतं. ती फट बांधकाम करून उघडी ठेवली, त्यामुळे वरून वाहत येणारी वाळू अडली आणि असाटीगचा उत्तर भाग हळूहळू मागे, जमिनीकडे सरकत गेला.

आई एका डांबराच्या तुकड्यापाशी वाकली. चपट्या बाजूवर खडी अजून दिसत होती, दुसऱ्या बाजूला मीठ साचून पांढरं पडलं होतं. तिने अंगठ्याने खडी चाचपली. आमच्या मामाच्या वाडीच्या दोन्ही बाजूंच्या वाड्या गेल्या दहा वर्षांत विकल्या गेल्या. सुपारी तोडून तिथे तलाव असलेले बंगले झाले, पुळणीच्या तोंडावर भिंती आल्या. "यांना एका वादळात कळलं," एवढंच आई म्हणाली. निसर्ग चक्रीवादळात, जून 2020 मध्ये, मामाची अर्धी वाडी आडवी झाली होती. घरावर पडलेला माड काढायला चार दिवस लागले. त्यानंतरही शेजारची भिंत वाढलीच.

त्याच दुपारी व्हिजिटर सेंटरमध्ये भरती-ओहोटीचा फलक दिसला. शुक्रवारची भरती अकराच्या सुमारास, शनिवारची पावणेबाराला. आईने तो दोनदा वाचला. सकाळी तिने पाण्याच्या रेषेवर एक काठी रोवली होती, पाणी तिच्या किती पुढे आलं ते बघायला. मग हळूच म्हणाली, "पंचमीची पाऊणपट पावणेचार. इथे पावणेबारा. काल तीनची अकरा. म्हणजे चार तास वजा करायचे." पाऊणपट इथेही चालत होती. दिवसाला पाऊण तास इथेही तसाच पुढे जात होता, फक्त मूळ वेळ वेगळी. प्रत्येक किनाऱ्याची पौर्णिमेची वेळ आपापली असते. खोली, काठाचा आकार, पाणी कुठून येतं यावर ती ठरते. आमच्याकडे पौर्णिमेची भरती दुपारी बाराच्या आतबाहेर, इथे सकाळी आठच्या आसपास. आदल्या दिवशी तीनपासून उतरलेला तिचा चेहरा तेव्हा कुठे खुलला.

रविवारी सकाळी ओहोटीला खाडीच्या बाजूला गेलो. जुन्या फेरीच्या धक्क्यापाशी लोक गुडघाभर पाण्यात उभं राहून शिंपले काढतात. किती घ्यायचे, केवढे घ्यायचे याचे नियम आहेत, ते आधी विचारून घ्या. लोकांच्या हातात दंताळी होती. आईने साडी वर खोचली आणि पायानेच चाचपायला लागली. टाचेने चिखल दाबायचा, अंगठ्याला गोल कडक लागलं की वाकून काढायचं. अर्ध्या तासात तिने दंताळंवाल्यांच्या बरोबरीने काढले. तिसऱ्यांपेक्षा बरेच मोठे, जाड कवचाचे, करडे. बर्फात ठेवून घरी आणले. कांदा, ओलं खोबरं, दोन आमसुलं घालून सुकं केलं. मांस तिसऱ्यांपेक्षा चिवट, पण रस गोड. ज्यांची तोंडं शिजताना उघडली नाहीत ते टाकून दिले.

थोडक्यात काय न्यायचं ते सांगून टाकते: वाळूच्या मेखा, पिशव्या, फावडं, उंच तंबू, कॉट, गाडीत मावेल एवढंच खाणं, पाय धुवायला टब, वाऱ्याला आडोसा. शेकोटीची लाकडं लांबून आणू नका, लाकडातून झाडांची कीड पसरते, तिथेच विकत घ्या. आणि जमलं तर जाण्याआधी कालनिर्णय उघडा. पौर्णिमा किंवा संकष्टी साधली तर समुद्रातून चंद्र मिळेल.

सामान गाडीत भरून झालं तेव्हा साडेबारा वाजत आले होते. आई म्हणाली, पाच मिनिटं. षष्ठीची पाऊणपट साडेचार, वजा चार. वाटेवरून वर गेली, मीही मागे गेले. पाणी तिच्या काठीच्या बुंध्याशी येऊन थबकलं होतं. तिने तिथूनच मामाला फोन लावला. नागावात रात्रीचे दहा वाजले होते.

"चार तास वजा करायचे रे," ती म्हणाली.

पलीकडून मामाने विचारलं, "आणि ताई, ओहोटीला किती मागे जातो?"

इथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभराचा. अलिबागला उधाणात तो चार मीटरच्या घरात जातो, किल्ल्यापर्यंतचा समुद्र रिकामा होतो. आईने एकदा पाण्याकडे पाहिलं.

"जातच नाही रे. इथेच असतो."